ट्रंकेतला पालथा फोटो

सोलापूर, ३ ऑगस्ट २०२५

ती. आजीस,
राजनंदिनीचा सा. न. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला ओरडता येत नाही, म्हणून हे पत्र. आमच्या बाररूममध्ये जुन्या वकिलांचे फोटो लावायचं ठरलंय. पणजोबा हिंदुरावांचा काळ्या कोटातला फोटो मिळाला, पण सगळ्यांना लष्करी गणवेशातला हवाय. तो तुझ्याकडे आहे म्हणे. चालती वकिली आणि लोकल बोर्डाची जागा सोडून माणूस चाळिशीत दुसऱ्या महायुद्धात लढायला का जातो? तुझे वडील ते, तुला ठाऊक असेल की.

औषधं वेळेवर घे, आणि लोभ वाढव.
तुझी,
राजनंदिनी

श्रीपूर, ११ ऑगस्ट

चि. राजनंदिनीस अनेक आशीर्वाद.

तुझं अक्षर शेजारच्या अंकिताकडून दोनदा वाचून घ्यावं लागलं, वकील शोभतेस. फोटो आहे, ट्रंकेच्या तळाशी, पालथा. तो मिळणार नाही. मी सहा वर्षांची होते. त्यांनी गणवेशात फोटो काढला, आठवड्यात निघून गेले, आणि पुढं ब्रह्मदेशातून त्यांच्या मृत्यूची तार आली. मिरवायची हौस आमच्यापेक्षा मोठी ठरली, दुसरं काय. ऐंशी वर्षं सांभाळलेला राग तुझ्या भिंतीसाठी कशाला सोडू?

मंद्रूपची एक धनगर बाई दर दिवाळीला आईकडे येई. एकदा तिनं दिलेलं घोंगडं अजून माझ्या अंथरुणात आहे. तिला काहीतरी माहीत असावं, पण विचारायचं राहिलं. तुला कळलं तर लपवू नकोस.

आशीर्वाद आहेतच.
रंभाबाई

सोलापूर, २५ ऑगस्ट

ती. आजीस सा. न. वि. वि.

मंद्रूपला जाऊन आले. त्या बाईचं नाव गोजाबाई. तिचे नातू धुळाबाबा भेटले. पणजोबा तेव्हा गावोगाव सैन्यभरतीची भाषणं करत. मंद्रूपच्या बाजारात गोजाबाईचा बिरप्पा नाव द्यायला उठला, तेव्हा तिनं भर सभेत विचारलं की, आमची पोरं धाडताय, तुमी कवा जाणार? महिन्याभरात पणजोबा गणवेश घालून तिच्या दारात उभे राहिले.

बिरप्पा, म्हणजे धुळाबाबांचे वडील, परत आले. गोजाबाई मरेपर्यंत म्हणायची म्हणे, म्या इचारायला नको हुतं.

आता मी फोटो मागत नाही. माया असू दे.
राजनंदिनी

श्रीपूर, २ सप्टेंबर

चि. राजनंदिनीस आशीर्वाद.

अंकिताबरोबर फोटो पाठवलाय. सुलटा करून पाहिला, तर टोपी जरा वाकडी आहे आणि माणूस भ्यालेला दिसतो. सहाव्या वर्षी मला फक्त पितळी बटणं दिसली होती. काच बसवण्याआधी धुळाला दाखव आणि सांग, त्याच्या आजीनं रास्तच विचारलं.

माझा राग गेलेला नाही. पण आता मला वडिलांची आठवण येते, आजवर कधी आली नव्हती. घोंगडं आज उन्हात घातलंय.

भिंतीवर लावलास की मला न्यायला ये.
रंभाबाई