एकशे सोळा रुपयांची सूट

वस्ताद, माझ्या हातानं काय काय झालं ते आज एका कागदावर उतरवून काढलं. बॅटऱ्या चार्ज करायचा डबा, भंगारातल्या ट्रान्सफॉर्मरवर बांधलेला, अजून रोज चालतो. बायकोच्या मिक्सरची मोटर दोनदा गुंडाळली, दुसऱ्यांदा पहिल्यापेक्षा बरी. गॅरेजचं शटर. पत्र्याच्या दोन हत्यारपेट्या, त्यातल्या एकीला कुलूप लागत नाही, झाकणच असं बसवलंय की माहीत नसणाऱ्याला उघडत नाही. घराच्या इन्व्हर्टरचं वायरिंग, आतलंसुद्धा. आणि गाडी. पुढून चेपलेली पेट्रोल गाडी टेंभुर्णीहून टेम्पोत घालून आणली होती, त्याला चौदा वर्षं झाली. आज तिच्यात कंपनीची म्हणावी अशी एकही वायर नाही. त्या गाडीतला चोरकटही मीच बसवलेला. किल्ली फिरवली की सेल्फ फिरतो, पण इंजिन पकडत नाही, जोवर एक ठरावीक गोष्ट आधी केली नाही तोवर. चोरकट हे नाव तुमचं, काम माझं, असं मी आजवर स्वतःला सांगत आलो.

तुम्ही जाऊन बावीस वर्षं झाली. तुमच्या वेळी गाडीचा विमा म्हणजे पोलिसाला दाखवायचा एक कागद होता. आता त्यात इतक्या सवलती आहेत की माणसानं बसून शोधाव्या लागतात, आणि मी त्या शोधल्या. क्लेम न केल्याचा बोनस पन्नास टक्क्यांवर नेऊन ठेवलाय. त्याच्या वर तो जात नाही, नाहीतर माझा गेला असता. करकंबच्या बाजारात उसाच्या ट्रॉलीनं डावा दरवाजा आत घातला, तेव्हा क्लेम केला नाही. दरवाजा काढला, आतून ठोकला, रंग मिसळून मारला, आणि उन्हात उभा करून सांगतो, कुठला दरवाजा ते दाखवा. नुकसान झालं तर पहिले अडीच हजार मी सोसणार, असं लिहून दिलं, त्याची वेगळी सूट मिळते, तीही घेतली. नको ते जादाचे विमे हप्त्यातून काढायला लावले. एजंट म्हणाला, मामा, तुमच्याकडून काही सुटत नाही. म्हटलं, एक सुटलंय. चोरीपासून बचाव करणारं उपकरण गाडीत असेल तर अडीच टक्के सूट आहे, असं तुमच्याच कागदात मागच्या बाजूला बारीक अक्षरात छापलंय. माझ्या गाडीत आहे. चार हजार सहाशे चाळीसवर अडीच टक्के, एकशे सोळा रुपये होतात. तो म्हणाला, त्याला मान्यतेचं सर्टिफिकेट लागतंय. सोडून द्या की, एकशे सोळाच तर हायत.

वस्ताद, ह्या 'च'नं माझं डोकं फिरलं. एकशे सोळा रुपये मी चहात घालवतो. प्रश्न पैशाचा नव्हताच. ज्या अलार्मला ते सर्टिफिकेट आहे, तो अलार्म मी अकरा सेकंदांत बंद करतो. गिऱ्हाइकाचा रिमोट हरवला की माझ्याकडंच येतात ना. घड्याळ लावून बघितलंय, अकरा. त्याला सूट. आणि टेंभुर्णीच्या हॉटेलबाहेर तिघांनी काच फोडून, स्टेअरिंगचं लॉक मोडून, वायरी उपसून माझी गाडी चालू करायचा प्रयत्न केला, शेवटी चाळीस फूट ढकलत नेऊन हायवेच्या कडेला सोडून दिली, तिला नाही. काच मी माझ्या खर्चानं बसवली. त्याचाही क्लेम केला नाही.

म्हणून गाडी घेऊन सात रस्ता चौकातल्या विमा कंपनीच्या ऑफिसात गेलो. दुसऱ्या मजल्यावर एक तरुण मॅडम बसतात, स्वभावानं चांगल्या. त्यांच्या टेबलावर किल्ली ठेवली. म्हटलं, खाली चला. पाच मिनिटांत गाडी चालू करून दाखवा, झाली तर सूट नको, वर दंड भरतो. "काका, असं नसतंय ओ," म्हणाल्या, पण लिफ्टनं खाली आल्या. बसल्या, किल्ली फिरवली. सेल्फ फिरला, बाकी काही नाही. वॉचमन उठून आला. "चाचा, पेट्रोलच नै डाले लगता." म्हटलं, काटा बघ, अर्धी टाकी आहे. मग तो बसला. मग चहावाला. तळमजल्यावर गाड्यांच्या सामानाचं दुकान आहे, सीटकव्हर, हॉर्न, तेच मान्यतावाले अलार्म विकणारा दुकानदार, तोही आला. त्यानं बॉनेट उघडलं, फ्यूज एकेक काढून बघितले, बॅटरीच्या तारा हलवल्या, शर्टाला काळं लावून घेतलं. बावीस मिनिटं. मग मी सगळ्यांना पाठ करून उभं राहायला सांगितलं, आत बसलो आणि पहिल्या सेल्फला गाडी चालू केली.

मॅडम हसायला लागल्या. "काका, खरंच भारी आहे. माझ्या स्कूटीला बसेल का?"

"बसेल. सूट बसेल का?"

"नाही ना बसत. सर्टिफिकेटचा नंबर टाकल्याशिवाय कॉम्प्युटरवर पुढचं पानच उघडत नाही."

"टेंभुर्णीच्या तिघांचं सर्टिफिकेट आणलं तर चालेल?"

मॅडमनी हसतच विचारलं, कुणाकडं शिकलात हे? आणि मी म्हणालो, कुणाकडं नाही, माझं मी शिकलो. पन्नास माणसांपुढं पन्नास वेळा हेच बोललोय, आणि त्यात खोटं काय आहे, हे तुम्हीच सांगा. तुम्ही मला वायर सोलायला शिकवलीत, सोल्डरिंगचा डाग द्यायला शिकवलात, हॉर्न, डायनामो, सेल्फ. पण चोरकट बसवायची वेळ आली की तुम्ही माझ्याकडं पाठ करायचात. सगळे वस्ताद तेव्हा असंच करायचे, एक काम स्वतःपुरतं ठेवायचे. तुम्ही डॅशबोर्डच्या खाली कुशीवर शिरलेले, खांद्यावर फडकं, आणि मी टॉर्च धरायला पुढं झालो तर आतून आवाज येतो, "काय बघालास? टार्च तितं ठेव आन् पाने धू." मी पाने धुतोय. धुतलेले पाने पुन्हा धुतोय. पाच वर्षं तुमच्याकडं काढली आणि त्या कामाच्या वेळी तुमच्या शर्टाच्या पाठीवरचा घामाचा डागच तेवढा मला दाखवलात. राग येणार नाही तर काय होईल.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो सामानाचा दुकानदार गॅरेजवर आला. हातात टाइप केलेला कागद. "मिस्त्री, काल रात्रभर झोप न्हाय. ही वस्तू आपण पुण्याला टेस्टिंगला धाडू, मान्यता काढू. खर्च समदा माजा. खोक्यावर तुमचं नाव, फोटोसकट. तुमी फकस्त हितं सही करा." आणि हसून म्हणाला, "मग तुमच्या गाडीला बी सूट मिळंल की." कागदावर रक्कम होती आणि रकमेच्या वर एक वाक्य होतं: सदर उपकरणाची रचना मी स्वतः केली असून तीवर अन्य कोणाचाही हक्क नाही. बघून सांगतो म्हटलं. कागद तीन दिवस हत्यारपेटीत होता. बायकोनं विचारलं, सही का करत नाही. काहीतरी बोललो. ती म्हणाली, "सगळ्यास्नी तुमीच तर सांगताव, माझं मी केलं म्हणून. मग लिहून द्यायला काय झालं?"

काय झालं ते तिला सांगितलं नाही, तुम्हाला सांगतो. तुम्ही अक्कलकोटला भाचीच्या लग्नाला गेला होता. शेडमध्ये एक टॅक्सी उभी होती, तिच्यात तुम्ही आदल्या दिवशी चोरकट बसवला होता. मी शटर अर्धं ओढलं, डॅशबोर्डखालची पट्टी काढली आणि टेस्टर घेऊन एकेक वायर तीन तास माग काढत गेलो. मला वाटलं होतं, कुठंतरी एक लपवलेलं बटण सापडेल. बटणच नव्हतं. करंट तुम्ही वायपरच्या स्विचमधून फिरवून आणला होता. वायपर पहिल्या खाचेत असेल तरच गाडी चालू. चोर नवं काहीतरी शोधत बसणार, समोरच्या वायपरकडं कशाला बघेल? त्या अंधारात मी एकटाच हसलो होतो, वस्ताद, ते हसू अजून आठवतं. बिलाच्या पाठीमागं चित्र काढून घेतलं, पट्टी लावली, स्क्रू घट्ट केले. माझ्या गाडीत वायपरऐवजी दुसरा स्विच आहे, आणि करंट ठिणगीच्या कॉइलऐवजी पेट्रोलच्या पंपाला जातो. माझं म्हणावं असं तेवढंच.

तुम्ही आलात, टॅक्सीजवळ वाकलात. तुमच्या स्क्रूच्या खाचा नेहमी उभ्या असायच्या, सगळ्या एका रेषेत, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. तुम्ही स्क्रूड्रायव्हर घेतला, एक स्क्रू पाव फेरा फिरवून उभा केला आणि चहा सांगायला पाठवलंत. आता माझ्याही खाचा उभ्या असतात.

त्यानंतर दोन वर्षं तुम्ही तशीच पाठ करत राहिलात, मीही पाने धूत राहिलो. मग मी स्वतःचं गॅरेज टाकलं आणि तुम्ही जेवायला बोलावलंत. स्वयंपाकघरात भिंतीला टेकून दोघे बसलोय, काकू तव्यावरची भाकरी थेट ताटात टाकताहेत, तुम्ही मागं हात घालून वर्तमानपत्रात गुंडाळलेली तुमची डाग द्यायची सोल्डरिंग आयर्न माझ्या मांडीवर ठेवता. लाकडी मूठ, एका बाजूनं जळालेली. मी पाया पडायला उठतो तर तुम्ही म्हणता, "बस. आता तरी सांग, कवा बघितलास?"

मी म्हणतो, "काय बघितलं?"

तुम्ही भाकरीचा तुकडा मोडता. काकूंना म्हणता, "त्याला अजून एक वाढ." आणि मला म्हणता, "जेव."

पुढं तीन वर्षांनी तुम्ही गेलात. मी त्या तीन वर्षांत तुमच्या शेडवरून रोज जात होतो.

विम्याचा हप्ता काल भरला, एकशे सोळा रुपयांसकट, पूर्ण. मॅडमना सांगून आलो की सूट देऊ नका, पण तुमचा नियम चुकीचा आहे, आणि तो मी वर लिहून कळवणार आहे. कळवणारच. सकाळच्या त्या यादीतून चोरकट खोडलाय. हे पत्र कुठं टाकणार, तुमच्या शेडच्या जागी आता मोबाइलचं दुकान आहे. पॉलिसीच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी करून ठेवतो. आणि एक, दुकानदार कागद न्यायला परत आला तेव्हा त्याला मी तुमचं नाव सांगितलं नाही. तोंडापर्यंत आलं होतं. म्हणालो, माझी वस्तू विकायची नाही. त्याला वाटलं मी भाव वाढवतोय, म्हणून त्यानं गॅरेजच्या पायरीवर बसून पहिला आकडा खोडला आणि पेनानं नवा लिहिला. माझ्या नावाच्या खोक्यासाठी, एका सहीला, पंच्याऐंशी हजार रुपये. कागद त्याच्या हातात परत दिला.