मोठ्या तलावाचं पाणी सोडलं तो उन्हाळा

३ एप्रिल
लग्नसराई असून दुकानात माशी फिरकली नाही. सिहोऱ्याचा बाजार दुपारी बाराच्या आत गार. घरी लवकर आलो तर ओसरीवर वसंता बसलेला. वसंता माझा साडू, शोभाची धाकटी बहीण मंदा त्याला दिली आहे. दोघी बहिणी एकाच गावात, त्यामुळे भांडण झालं तरी संध्याकाळपर्यंत मिटवावं लागतं.

त्याने दुसऱ्यांदा चहा मागितला तेव्हाच ओळखलं, काम आहे. मोठ्या तलावाचा गाळ काढायचं मंजूर झालं म्हणे. मे महिन्यात मशीन येणार, त्याआधी तलाव रिकामा पाहिजे. तलाव समितीचा अध्यक्ष तोच, म्हणजे त्याला माहीत असणारच. मी म्हटलं, अरे, तळाचं पाणी आपण कधीच सोडत नाही. गुरं कुठे जातील, मासे कुठे जातील, विहिरींचं काय.
"एका उन्हाळ्याची गोष्ट आहे भाऊ. गाळ निघाला त पुढं तुमच्याच धानाच्या बांधीले पाणी पुरन."
बोलतो गोड. हिवाळ्यात तलावाच्या वरच्या रानातल्या, कंपनीच्या वाढीव बांधकामावर हरकतीचा अर्ज दिला तोही आम्ही दोघांनीच. तेव्हा तहसीलमध्ये साहेबाशी तोच जास्त भांडला होता. त्याच्यावर नाही तर कोणावर विश्वास ठेवायचा?

शोभा आत भांडी आपटत होती. विचारलं तर म्हणे काही नाही.

८ एप्रिल
आज पाणी सोडलं.
तलावाच्या पाळीला, म्हणजे बांधाला, पाणी सोडायचं भोक असतं ते तुडुम. आमच्या गावात त्याचा डाट, म्हणजे बूच, शेवटच्या बांधीवाल्यानेच उपसायचा. वरच्यांच्या हाती दिला तर पाणी वरच मुरतं आणि शेवटचा माणूस बोंबलत बसतो, म्हणून जुन्या लोकांनी घालून दिलेली रीत. शेवटची बांधी माझी. बाप माग चालवायचा, मी कापड विकतो, शेती नावाला. पण हा एक मान गावात आहे, आणि खरं सांगायचं तर मला तो आवडतो.

कमरेएवढ्या पाण्यात उतरलो. डाट लवकर हलेना. वसंता पाळीवरून ओरडत होता, जोर लावा भाऊ, कापड फाडाचं नाही आहे हे. सगळे हसले. मग एकदम सुटला आणि पाणी नहरात धो धो. पाळीवर टोप्या घातलेले दोघे उभे होते, व. म्हणाला गाळाच्या कामाचे इंजिनिअर. त्यांनी फोटो काढले. मी डाट हातात धरून हसलोसुद्धा.

१३ एप्रिल
तुडुमाच्या खालचं उरलेलं पाणीही पंप लावून काढलं. आमच्या माहितीत असं कधी झालं नव्हतं. पंप कुठून आले विचारलं तर व. म्हणाला, "समितीनं आणले." नवे कोरे होते.
सगळं गाव चिखलात उतरलं. मरळ, झिंगे, घरोघरी वाटे गेले. मासेमार सोसायटीचे लोक नाराज, पण गाळ निघाला की दुप्पट बीज सोडू असं व. ने त्यांनाही समजावलं.
शोभाने मासे केले, खाल्ले नाहीत. पित्त म्हणाली.

२९ एप्रिल
मशीन नाही. तळाला भेगा. गुरं रोजच्या वेळेला तलावावर जातात, थोडा वेळ उभी राहतात आणि परत येतात. बघवत नाही.
आमच्या विहिरीतून बादली अर्धीच येते.
व. ला दुकानातून फोन केला. भंडाऱ्याला फाइल अडली म्हणे. फाइल अडणं ही आपल्याकडे काही बातमी नाही, म्हणून गप्प बसलो.

७ मे
कंपनीची ती पांढरी इमारत, डेटा सेंटर म्हणतात तिला. आत माणसं थोडी, यंत्रं फार, आणि त्या यंत्रांना उकाडा सोसत नाही. पंख्यांचा आवाज आता आमच्या टोलीतल्या घरांपर्यंत येतो. अशा आणखी इमारती उभ्या करायच्या आहेत, तलावाच्या वरच्या रानात. पावसाचं पाणी त्याच रानातून तलावात उतरतं. आमचा अर्ज एवढाच होता, की रान अडलं तर तलाव मेला.
११ तारखेला ग्रा.पं. त कंपनीचे लोक माहिती देणार आहेत. दवंडी झाली. व. ला म्हटलं, दोघं पुढे बसू. "हो हो" म्हणाला, पण गाडी थांबवली नाही.

११ मे
आज वही उघडायची नव्हती. तरी लिहितो.

सभेला गाव लोटलं होतं. कंपनीच्या सल्लागारांकडून एक तरुण बाई आल्या होत्या, फार अदबीने बोलणाऱ्या. पडद्यावर चित्रं दाखवत होत्या. मी उभा राहून विचारलं, जनसुनावणी कधी? त्या म्हणाल्या, कारखाना असता तर लागली असती, हे बांधकामात मोडतं, याला लागत नाही. मग ही सभा कशाची? ही फक्त माहितीसाठी, काका.

मग तलाव आला पडद्यावर. भेगाळलेला. बाई सांगत होत्या की हा साठा हंगामी आहे, उन्हाळ्यात पूर्ण कोरडा असतो, ग्रामस्थ स्वतःच तो रिकामा करतात, म्हणून वरच्या बाजूला मोकळी जागा सोडायची गरज दिसत नाही. आणि पुढचं चित्र माझं. कमरेएवढ्या पाण्यात मी, हातात डाट, दात काढून हसतो आहे.

सगळ्यांनी आधी पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी वसंताला शोधलं. तो खिडकीजवळ होता. मी म्हटलं, "वसंता, सांग ना यायले. गाळासाठी सोडलं पाणी."
बाईंनी त्याला विचारलं, आपण समितीचे अध्यक्ष ना, तलाव दर उन्हाळ्यात आटतो का?
तो उठला. माझ्याकडे पाहिलं नाही.
"आटते मॅडम. दरसाल आटते."

पायाखालची जमीन सरकली म्हणतात ती आज कळली. इतक्या वर्षांचा माणूस. माझ्या पोरीच्या लग्नात मांडव याने घातला.

१२ मे
दुकान उघडलं नाही. पानठेल्यावर गेलो तर बोलणं बंद झालं. मासेमार सोसायटीचा गणपत तोंडावरच म्हणाला, "किती भेटले शेटजी?"
मी म्हटलं, मला फसवलं. तो म्हणे, फसलेला माणूस फोटोत हसते काय?
मी हसलो होतो हे खरंच आहे.

१४ मे
व. च्या घरी गेलो. शोभा म्हणाली, जाऊ नका, ऊन आहे. संध्याकाळचे सात वाजले होते.
मंदा पाणी ठेवून आत पळाली. वसंता खाटेवर बसून. मी ओरडणार होतो, पण एवढंच विचारलं, काहून केलं असं?
तो पायाचं नख खरवडत होता. मग म्हणाला की प्रशांतला, म्हणजे त्याच्या मुलाला, कंपनीत घेतलं आहे, पण कंत्राटावर. दुसरा टप्पा मंजूर झाला की कायम करतो म्हणाले.
"तुमची पोरगी चांगल्या घरी गेली भाऊ. तुमाले काय समजन."
"मग तूच उपसाचा होता डाट. मले कायले उतरवलं पाण्यात?"
"रीत हाये न आपली," म्हणाला.

रीत. गावाने मला दिलेला मानच त्याने माझ्यावर चालवला. दुसऱ्या कोणी उपसला असता तर गाव आडवं आलं असतं, तळाचं पाणी कोणी सोडू दिलं नसतं. माझा हात लागला म्हणून कोणी विचारलं नाही. हे त्याला पक्कं ठाऊक होतं. केसाने गळा कापला साडभाऊने, आणि वर चहा घ्या म्हणाला.
चहा न घेता उठलो. त्या घरातून असा पहिल्यांदाच.

१९ मे
भंडाऱ्याला कलेक्टर कचेरीत गेलो, अर्ज दिला. बांधकामाला पर्यावरणाची मंजुरी देणाऱ्या मुंबईच्या समितीकडे पाठवतो म्हणाले. तिथला एक भला माणूस बाजूला घेऊन म्हणाला, तलाव बारमाही आहे असं दहा-वीस माणसांनी समितीसमोर सांगितलं आणि या वर्षी पाणी कोणाच्या सांगण्यावरून सोडलं हे तुम्ही नाव घेऊन सांगितलं, तर विचार होईल. नुसतं "फसवलं" म्हणून चालणार नाही.
नाव घेऊन. बसमध्ये तेच डोक्यात.

२४ मे
दहा-वीस माणसं कुठली आणू? दारोदार फिरलो. कोणाच्या घरी लग्न, कोणाची गाय व्यालेली. म्हातारे धोंडबाजी तेवढे म्हणाले, येतो. त्यांना ऐकू येत नाही, दिसतंही कमी. बाकीच्यांनी दार लोटून घेतलं. काहींची पोरं प्रशांतसारखीच रांगेत आहेत, त्यांना दोष तरी कसा देऊ. पण जे येऊ शकतात तेही येत नाहीत, कारण त्यांच्या लेखी मी विकला गेलेलो आहे. व. ला सगळे नमस्कार करतात. राग येतो. फार राग येतो.

२७ मे
फोन आला. मुंबईच्या समितीचे दोघे-तिघे ७ जूनला तलाव पाहायला येणार. अकरा वाजता पाळीवर.

२९ मे
काय बोलायचं ते आज कागदावर उतरवत होतो. वसंताचं नाव लिहिलं. शोभा दारात उभी होती, कधीपासून माहीत नाही.
"नाव काढा त्याचं."
मी म्हटलं, बहिणीचा नवरा म्हणून तुला वाईट वाटतं, मलाही वाटतं. पण मला गावासमोर चोर केलं त्याने.
ती खाली बसली. पदराचं टोक पिळत म्हणाली, "मले माहीत होतं."
मला वाटलं नोकरीचं म्हणते आहे.
"पाण्याचं माहीत होतं. डाट काढाच्या आधी. मंदानं सांगतलं, गाळ-बिळ काही नाही, कोरडा दाखवाचा आहे."

मी पेनाला टोपण लावलं. मग विचारलं, मला का नाही सांगितलं? ती म्हणाली, मंदा पायावर पडली. "पाण्यानं भरतेच न तलाव पुन्हा, असं वाटलं. पोराचं भलं होते, आपलं काय जाते. तुमचा फोटो लावतीन हे नव्हतं माहीत, देवाशप्पथ."

म्हणजे मी पाण्यात उतरलो तेव्हा हिला माहीत होतं. सकाळी टॉवेल हिनेच हातात दिला, पाय घसरन, सांभाळून, म्हणाली.
वसंताचा राग येतो तेव्हा अंगात बळ येतं. याने काहीच येत नाही. नुसतं बसून राहावंसं वाटतं.

३१ मे
दुकानातच राहतो. गठ्ठ्यांवर झोप लागते, नाही असं नाही. जेवण चौकातल्या हॉटेलात. मालक विचारत नाही, हा त्याचा मोठेपणा. शेजारचा सोनार मात्र विचारतो, वहिनी माहेरी काय? म्हटलं, हो. माहेर तिचं साकोलीला, ती घरी, मी इथे.

२ जून
पोरीचा फोन. आईने काय सांगितलं कोण जाणे. म्हणाली, "बाबा, घरी जा न." मी म्हटलं, जातो. तिला सांगितलं नाही की तुझ्या लग्नात नवऱ्याकडचे गेल्यावर आई आणि मी अंगणात बसून उरलेली बुंदी खाल्ली होती, आणि मला वाटलं होतं की आता या बाईला माझ्यापासून आणि मला तिच्यापासून काही लपवायला उरलं नाही. काय मूर्ख विचार.

४ जून
घरी आलो. विहिरीचं पाणी दोघींनी, म्हणजे शोभा आणि शेजारीण, वाटून घेतलेलं दिसलं. ती खंगली आहे. तिने ताट वाढलं, मी जेवलो.
मंदा दोन दिवस येते आहे म्हणे, मी नसताना. मी आलेलं पाहून आज अंगणातूनच परतली.

६ जून
व. दुकानात आला होता. ग्राहकासारखा पायरीशी उभा. उद्या माझं नाव घ्याल काय, एवढंच विचारलं. प्रशांतला हे काही माहीत नाही म्हणाला. मी टॉवेल मोजत राहिलो. मोजणं दोनदा चुकलं. तो थांबला, थांबला, मग गेला.
नाव घेतलं तर पोराची नोकरी जाते, मंदा उघड्यावर येते, आणि कोणाला कसं माहीत होतं याचा धागा ओढत गेला तर माझ्या घरात येतो. समिती विचारेल, आणखी कोणाला ठाऊक होतं? तेव्हा काय सांगू? नाही घेतलं तर तलाव जातो आणि मी विकलेला माणूस म्हणून मरतो.
शोभाला हे बोलून दाखवलं. घरी आल्यापासून पहिल्यांदाच बोललो तिच्याशी. तिने ऐकून घेतलं आणि दिवा लावायला गेली.

७ जून
सकाळ. धोंडबाजी येऊन बसले आहेत, दुसरं कोणी नाही.
शोभा न्हाऊन तयार. लग्नाकार्यातली कोशाची रेशमी साडी नेसली आहे. मी विचारलं, कुठे?
"पाळीवर. मी बी येतो. बोलाचं आहे मले."
कोणाकडून? मंदाकडून की माझ्याकडून? विचारायला धीर होईना, तरी विचारलं, काय बोलशील?
ती कुलूप शोधत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "तिथंच ऐकजा."
पावणेअकरा झाले. ती दाराबाहेर उभी आहे, मी हे लिहितो आहे.