टी-कनारचा विमा आणि आल्सीडचं घर

ती. नॅनन यूलाली हिस,

तुझ्या या धर्मपुत्राचा, आल्सीडचा (हो, आता असंच लिहायचं, कोर्टात सिद्ध झालंय) वाकून नमस्कार. गुडघा कसा आहे? या वयात तुला कोर्टाच्या पायऱ्या चढायला लावल्या, ही टोचणी मनाला आहे. आमच्या व्हर्लीने पातेलंभर रांधून दिलेला गंबो संपला असेल तर कळव, संपला नसेल तर आधी संपव.

आम्ही खुशाल आहोत आणि स्वतःच्या घरात आहोत, हे केवळ तुझ्यामुळे. तोंडावर सांगायला गेलो की मी मुसमुसायला लागतो आणि तू "उगी, उगी" करतेस, म्हणून लिहून टाकतो.

तुला सगळी हकीकत कोणी धड सांगितलीच नाही. आमचं घराचं कर्ज जुन्या बँकेने उत्तरेकडच्या एका बँकेला परस्पर विकलं (गाय विकताना तरी तिच्या पाठीवरून हात फिरवतात). नव्या बँकेने कागद चाळले. कर्ज आल्सीड जोसेफ दूगाच्या नावावर, घराचा विमा मात्र टी-कनार दूगाच्या. विमा उतरवणारा बूट्सी लहानपणापासून माझ्याबरोबर कोळंबी धरतो, तो माझं दुसरं नाव कुठून आणणार? (त्याचं खरं नाव मलाही ठाऊक नाही.) बँकेने ठरवलं की आल्सीडच्या घराला विमाच नाही, आणि स्वतःचा चौपट महाग विमा आमच्या माथी मारला. हप्ता फुगला तेव्हा फोन केल्यावर हे कळलं. एका डोक्यावर दोन टोप्या कशाला, म्हणून मी जुनाच हप्ता भरत राहिलो. शेवटी दारावर लिलावाची नोटीस चिकटली. व्हर्लीने ती वाचली आणि सगळे पडदे धुवायला काढले. लग्नाच्या एकेचाळीस वर्षांत सगळे पडदे तिने एकदम कधी उतरवले नव्हते. मी घाबरलो गं.

मग कोर्टात गेलो. टी-कनार आणि आल्सीड हा एकच माणूस, एवढंच दाखवायचं होतं. मला वाटलं, डाव्या हातचा मळ! आमच्या बाजूचा पहिला साक्षीदार पोस्टमन. तो छातीठोकपणे म्हणाला, आल्सीड नावाचं इथे कोणी राहत नाही, त्याची पत्रं मी दहा महिने इमानाने परत पाठवतोय. (बँकेच्या सगळ्या सूचना त्याच!) मग बँकेच्या वकिलाने व्हर्लीला विचारलं, आल्सीड दूगा कोण? गोंधळली बिचारी, शपथेवर सांगून बसली, "सासऱ्यांकडचं कोणी असेल." वकील खुशीत खाली बसला. मी मनातल्या मनात भांडीकुंडी बांधायला घेतली.

आणि तू उठलीस. "न्यायाधीशबाई, बाप्तिस्म्याला हे पोर माझ्याच हातात होतं. डोक्यावर पाणी पडलं, पाद्रीबाबा म्हणाले, आल्सीड. आणि हा असा केकाटला, की मी म्हटलं, अगंबाई, हा तर टी-कनार, आमचं धाकटं बदक! दोन्ही नावं एकाच मिनिटात पडली. मध्ये दुसरा माणूस शिरायला जागाच नव्हती!"

न्यायाधीशबाईंनी हसू दाबायला कागद तोंडापुढे धरला, पण खांदे हलत होते. लिलाव रद्द, बँकेचा विमाही रद्द. आमचं छप्पर तू राखलंस, नॅनन. तुझे उपकार मी जन्मभर विसरणार नाही.

तुझा,
आल्सीड (टी-कनार)

ता. क. आमच्या वकीलबाई आता घराच्या कागदांवर व्हर्लीचं नाव चढवताहेत. त्यात लग्नाचा दाखला निघाला. तोही टी-कनारच्या नावाचा! निकाल विम्यापुरताच आहे, सबब आल्सीड कागदोपत्री ब्रह्मचारी. पुन्हा नको कोर्ट, त्यापेक्षा पुन्हा लग्न लावा, म्हणतात.

ता. ता. क. मी रीतसर मागणी घातली. व्हर्ली म्हणते, टी-कनारला मी कधीच नाही म्हणणार नाही, पण या आल्सीडची मला काही माहिती नाही, चौकशी करावी लागेल. त्याला जन्मापासून ओळखणारी तू एकटीच. तिला दोन ओळी लिही. थोडं खोटं लिहावं लागलं तरी चालेल, या वेळी शपथ नाही.