गच्चीवरचा जव आणि जिन्याची वाटणी

मी, वैजनाथ पुरुषोत्तम धर्माधिकारी, वय एक्क्याऐंशी, राहणार समर्थनगर, छत्रपती संभाजीनगर, कुणाच्याही दडपणाशिवाय माझ्या मिळकतीची व्यवस्था लिहून ठेवतो. मी पूर्ण शुद्धीत आहे असं डॉक्टरांनी लिहून दिलं आहे. घरच्यांचा त्यावर विश्वास नाही.

१. चितेगावकडच्या एका बिअरच्या कारखान्यात, जवाच्या गोदामावर माझी नोकरी झाली. माझी पत्नी कै. यमुनाबाई मात्र नातेवाइकांना "हे सातूच्या पिठाच्या कंपनीत असतात" असंच सांगत. आता खरं लिहायला हरकत नाही. माझी शाळेतली कवितांची पुस्तकं कुणाला नकोत, म्हणून ती माझ्यासोबतच जाळावीत. त्यांतली डोलणारी शेतं मला फार आवडत. नोकरीत जव दिसला तो गोणीतलाच.

२. यमुनाबाईंचं पितळी पातेलं मुलगी चारुता हिला. जवाचा चीक काढून ती कुरडया विकते. तिचं पोट त्यावरच आहे. मुलगा हिमांशू गच्चीवर चोरून बिअर करतो. चतुर्थी मात्र मोडत नाही.

३. गेल्या उन्हाळ्यात दोघांच्या गोण्या गच्चीवर शेजारी होत्या. चारुतानं चुकून भिजत घातला तो हिमांशूचा, बिअरसाठी मोड आणून वाळवलेला जव. मोड आले की जवातल्या सत्त्वाची साखर व्हायला लागते. चीक शिजवताना घट्ट होईना; पातळ, गोड पाणी झालं. हिमांशूनं तिचा कोरा जव घेतला. त्यात साखरच नाही, मग बिअर फसफसेल कशी? खळ झाली.

"दादा, तुझ्या दारूची सावली पडली माझ्या चिकावर!"

"तुझ्या कुरडयांचीच नजर लागली, बाई!"

मी समजावायला गेलो. "बाबा, तुम्ही आपल्या कविता म्हणा," दोघं एकदम म्हणाले. हे त्यांचं शेवटचं एकमत. तेव्हापासून बोलणं बंद आहे. गच्ची दोघांनाही हवी आहे, आणि त्यासाठी दोघंही माझ्या जाण्याची अत्यंत शालीनतेनं वाट पाहत आहेत.

४. सबब, तळमजला दोघांना निम्मा-निम्मा. संपूर्ण गच्ची चारुताला. गच्चीवर जाणारा एकमेव जिना, कुलूप-किल्लीसह, हिमांशूला. वर जाताना त्यानं तिला आणि तिनं त्याला, दरवेळी, स्वतःच्या तोंडानं विचारावं. मोबाईलवरचा निरोप ग्राह्य धरू नये. यावरून जो कोर्टात जाईल त्याचा वाटा दुसऱ्याला मिळेल.

वकीलसाहेब म्हणाले, "काका, असं कुणी वाटतं काय?"

म्हटलं, "लिहा तुम्ही."

सही: वै. पु. धर्माधिकारी

साक्षीदार:
रामकिसन सोनवणे, शेजारी
द्वारकाबाई खरात, चारुताकडे कुरडया घालायला येतात (सही करताना हसल्या, सक्ती केलेली नाही)

छत्रपती संभाजीनगर, १२ मार्च २०२५