मिशी गेली, आप्पा आहेत

कोळवण
मार्गशीर्ष, २००५

चि. इंद्रजित यास,

थोरल्या भावाचे आशीर्वाद. घ्यायचे की नाहीत ते तुझं तू बघ. पोस्टात टाकलेली वस्तू मी परत घेणार नाही. तुझी पाठ कशी आहे? सांगलीत चांगले डॉक्टर आहेत म्हणतात, तेव्हा हळद लावून झोपण्यापलीकडचं काहीतरी कर. सौ. गौतमीला आशीर्वाद सांग. आमच्याकडे सगळं ठीक आहे. आप्पा आहेत. असं वाक्य पत्रात कुणी लिहीत नाही, पण मला ते आधी लिहिणं भाग आहे, कारण तुझ्या कानावर उलटं गेलं होतं. ते कसं गेलं आणि त्यात माझ्या मिशीचा दोष किती, एवढाच या पत्राचा विषय. (सोसायटीच्या सेक्रेटरीला खुलासे लिहायची सवय असते. आजवरचे सगळे खताच्या पोत्यांबद्दल होते.)

पावसाळ्यात आप्पांची उजवी बाजू गेली, हे मी तुला कळवलं होतं आणि तू उत्तर दिलं नव्हतंस. बोलणं जड झालं, डोकं शाबूत आहे. त्या शाबूत डोक्यानेच सगळा घोटाळा केला. आप्पांना दाढी वस्तऱ्याचीच लागते, आणि गावातल्या दोन्ही सलूनवाल्यांनी रोगराईच्या भीतीने वस्तरे टाकून पत्ती धरली आहे. त्यातला एक जण घरी यायलाही तयार होता. आप्पा म्हणाले, "पत्तीनं दाढी न्हाई व्हत, खरडपट्टी व्हतीया." राहता राहिले वस्तरा न टाकलेले म्हातारे न्हावी नथूमामा. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. त्यांच्या हाती आप्पांचा गळा द्यायची माझी हिंमत झाली नाही. दाढी वाढत गेली. आप्पा डाव्या हाताने ती खाजवत बसत आणि कुणी भेटायला आलं की भिंतीकडे तोंड करत. ज्या माणसाने जन्मभर दर बुधवारी गुळगुळीत गालांनी गावातून चक्कर मारली, तो माणसांपासून तोंड लपवतो हे मला बघवेना. म्हणून या वयात मी वस्तरा शिकायला घेतला.

नथूमामांनी आपला वस्तरा आणि चामड्याचा पट्टा दिला. शिकवणीही दिली, पण ती ते माझ्याऐवजी खांबाकडे बघून देत होते. सोमवारी सांगितलं, वस्तरा निजवून धर. मंगळवारी म्हणाले, निजवू नकोस, उभा धर. विचारलं तर म्हणाले, "कालचं इसर." पहिला धडा फुग्यावर होता. फुग्याला साबण लावायचा आणि तो न फोडता पुसून काढायचा. पहिला फुगा फुटला तेव्हा आशालता दूध ओतत होती. दूध, पातेलं आणि तिचा माझ्यावरचा उरलासुरला विश्वास, सगळं खाली आलं. (तुझी वहिनी तशी सहनशील आहे. फक्त त्या दिवसापासून तिने विळी माझ्या हाताला लागणार नाही अशी ठेवली.)

फुगे संपले तसा मी स्वतःच्या गालावर आलो. गालांनी तुरटी सोसली. मग एका सकाळी न्हाणीत ओठाच्या कडेने वस्तरा फिरवत होतो आणि लोडशेडिंग झालं. अंधारात हात थांबला, पण जरा उशिरा. दार उघडून उजेडात आरसा धरला तर डावी मिशी जागेवर आणि उजवी वस्तऱ्यावर. अर्धी मिशी घेऊन सोसायटीत बसता येत नाही, म्हणून उरलेलीही उतरवली आणि कामाला गेलो.

आता तू म्हणशील, यात काय झालं. अरे, आपल्याकडे मिशी कधी उतरते? आई गेली तेव्हा आपण दोघांनी एकाच पाटावर बसून उतरवल्या होत्या. आता ज्याच्यासाठी उतरवावी असा एकच माणूस उरलाय. माझ्या हे अजिबात ध्यानात आलं नाही. पौडला जायला भैरूच्या जीपमध्ये चढलो तर सगळ्यांनी सरकून मला पुढची सीट दिली. मला वाटलं, सेक्रेटरी म्हणून मान दिला. वर कहर म्हणजे येताना मी पौडच्या बाजारातून पांढरं मांजरपाट घेतलं. दाढी करताना आप्पांच्या अंगावर टाकायला कापड नको? बिनमिशीचा माणूस काखेत मांजरपाट घेऊन बाजारातून येतोय, मग कुणी काही विचारायचं राहिलंच नाही.

मी घरी पोचलो तर अंगणात माणसं. धोंडाबाई आत्या वाडीवरून धावत आली होती. ती पदरात तोंड घालून सरळ आत गेली आणि आप्पांच्या खाटेच्या कडेला बसून रडायला लागली. आप्पांनी विचारलं, "कोन गेलं गं?" "आपला दादा गेला," आत्या पदरातूनच म्हणाली. आप्पांनी थोडा विचार केला. "लई चांगला मानूस व्हता," ते म्हणाले.

मग आत्याने पदर काढला. पुढचं लिहीत नाही. ती अजून आप्पांशी बोलत नाही.

हसणं संपल्यावर अंगण रिकामं झालं. आप्पांनी मला जवळ बोलावलं, माझ्या ओठावरून डाव्या हाताचं बोट फिरवलं आणि म्हणाले, "एकानं काढली. दुसरा कुटं हाय?"

इंद्रा, मला फार वाईट वाटलं. आप्पांनी तुला न विचारता खालचं भाताचं खाचर विकलं, तिथे पुण्याच्या माणसाचं हिरवळीचं अंगण झालं, तू भांडून निघालास आणि उंबऱ्यात म्हणालास, 'आता या दारात मिशा काढायलाच येईन.' ते आप्पांनी ऐकलं होतं आणि ते विसरलेले नाहीत. खाचर विकलं हे चुकलं, असं मलाही वाटतं. पण भैरूने मला सांगितलंय की माझ्या मिशीची बातमी सांगलीला पोचली त्या रात्रीच निघून तू सकाळी पौडच्या स्टँडवर उतरलास, डोळे सुजलेले होते, आप्पा भाकरी खातायत म्हणून त्याने सांगितल्यावर तू बाकावर बसून ढसाढसा रडलास, आणि आलेल्या गाडीने परत गेलास. बाप गेला म्हणून धावत येतोस आणि आहे कळल्यावर मागे फिरतोस, हा कुठला न्याय? पौडपासून घर कितीसं लांब होतं रे?

दाढी झाली आप्पांची. मोठेपणी मी त्यांच्या गालाला पहिल्यांदा हात लावला. कातडी इतकी सैल झाली आहे की ती ओढून धरावी लागते. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं तर म्हणाले, "रडू नगं, हात हालंल." एकदाच कापलं, तेही कानाजवळ. आता ते भिंतीकडे तोंड करून बसत नाहीत. तब्येत ठीक आहे. तुला सवड होईल तेव्हा ये, घाई नाही.

तुझा,
दयानंद

ता. क. – हे पत्र आप्पांना वाचून दाखवायचं होतं, म्हणून वर 'तब्येत ठीक' आणि 'घाई नाही' असं लिहिलं. दोन्ही खोटं आहे. डॉक्टर म्हणाले, कुणाला बोलवायचं असेल तर बोलवून घ्या.

ता. क. – पाकीट चिकटवत होतो तर आप्पांनी हाक मारली. म्हणाले, त्याला लिही, बोललास तसाच ये, शब्द मोडू नको, मिशा काढायलाच ये. "पर आत्ताच ये म्हनावं. माज्या मागं काढलीस तर मला कुटं दिसनार हाय?"