तीनशे अकराव्या पानाची पाठ

मी, खाली सही करणारी, वय चौसष्ट, धंदा पुस्तकबांधणी, पूर्ण शुद्धीवर असून कोणाच्याही दडपणाखाली न येता हे लिहून ठेवते. दडपण आणायला थोरले दीर आहेतच, पण त्यांना मी कधी दाद दिलेली नाही.

पहिली अट. माझ्यामागे हे पाकीट याच भाऊजींनी घरच्या सर्वांदेखत फोडावे आणि मोठ्याने, एकही ओळ न गाळता वाचावे. ते प्रार्थनाघराचे ग्रंथवाचक आहेत, आवाज खणखणीत आहे. शेवटपर्यंत वाचल्यास रस्त्याकडची खोली प्रार्थनाघराला मिळेल. तिच्यावर त्यांचा कधीपासून डोळा आहे. मध्येच थांबल्यास ती समोरच्या न्हाव्याला जाईल.

आतल्या दोन खोल्या मुलगा व सून यांना समाईक. मुलाने मोरीचा नळ दुरुस्त करावा. तीन वर्षं "उद्या बघतो" चाललंय, वैताग आलाय मला.

पुस्तकं दाबायचं यंत्र, दाभणं, कात्र्या, खळीचं पातेलं, सगळं सुनेला एकटीला. तिची शिवण माझ्यापेक्षा सरळ येते. हे तिला तोंडावर कधी म्हटलं नाही, ते चुकलंच.

आता मुख्य दुखणं. मी या घरात पंथाबाहेरून आले. लग्नाच्या दिवशी भाऊजींनी ग्रंथाचं तीनशे अकरावं पान उघडलं: बाहेरच्याला आशीर्वाद देऊ नये. नवरा म्हणाला, "जाऊ दे ना, काय फरक पडतो?" त्याला पडत नव्हता. प्रार्थनाघरात तो पुढे बसायचा, मी चाळीस वर्षं मागच्या बाकावर. सूनही बाहेरचीच आली, तिलाही तेच पान. आता तिला दिवस गेलेत, तर भाऊजी माझ्या मुलाच्या वेळचंच पुन्हा म्हणतात, आशीर्वाद नसलेल्या आईचं मूलही बाहेरचंच. डॉक्टरीणबाईंच्या मते बाळाचं तोंड बघणं माझ्या नशिबात नाही. ते मागच्या बाकावर बसणार, या विचाराने मला झोप नाही.

बरं, त्याच पानाच्या पाठीवर तीनशे बारा आहे: दाराशी आलेल्या परक्याला आशीर्वादावाचून ठेवू नये. बाहेरच्या ठेकेदाराने प्रार्थनाघरावर फुकट पत्रे घालून दिले, तेव्हा ही बाजू भाऊजींना बरोबर सापडली. पुढे तो भांडला, लोक म्हणाले आशीर्वाद परत घ्या. भाऊजी ठणकावून म्हणाले, "माणूस समोर उभा असताना वाचकाच्या तोंडून चारचौघांत निघालेला आशीर्वाद परत घेता येत नाही."

मी विचारलं, "भाऊजी, मग खरं कुठलं पान?"

"अगं, दोन्ही खरी. प्रसंग बघावा लागतो."

"माझा प्रसंग चाळीस वर्षांत आलाच नाही?"

"तू आपली पुस्तकं शिव."

शिवतेच आहे. तो ग्रंथ आजवर पाच वेळा मीच उसवून बांधला. गेल्या आठवड्यात पुन्हा आला. एक बाजू फाडावी म्हटलं तर दुसरीही जाते. डोकं पिकलं माझं त्या पानापायी. शेवटी होतं तसं शिवून दिलंय, दोरा दुहेरी घातलाय.

शेवटचे कलम. सुनेने आता उठून भाऊजींसमोर उभे राहावे. भाऊजी, थांबू नका, खोली जाईल. तीनशे बाराव्या पानाखाली आशीर्वादाचे शब्द दिलेत. ते असे:

"परकी म्हणून आलीस, घरची होऊन राहा. हा उंबरा तुझा. तुझ्या पोटचं ते या घरचं."

झालं, भाऊजी. खोली तुमची. बाळासाठी पुढच्या बाकावर जागा ठेवा.

साक्षीदार: १. डॉक्टरीणबाई (वाचन ऐकायला त्या दिवशी दवाखाना बंद ठेवणार आहेत). २. कागदाचे दुकानदार.

ठिकाण: माझं बांधणीचं टेबल.
तारीख: ग्रंथ बांधून परत दिला त्याच्या दुसऱ्या दिवशी.
सही: मागच्या बाकावरची