मोगऱ्याचा पेपर

२४ नोव्हेंबर, रवि.
कांजूरला परब काकींकडे. काकी आणि काका तिथे भाड्याने राहतात. लालबागची खोली रीडेव्हलपमेंटला गेली, नवी इमारत अजून पायाच्या वर येत नाही. कांजूरच्या या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर माझं संशोधन चाललंय ते काकींच्याच फोनच्या जिवावर. विषय भारदस्त: 'निवासी समूहांतील मौन'. साध्या भाषेत सांगायचं तर डंपिंग ग्राउंडच्या कचऱ्याचा वास येतो आणि ग्रुपवर त्याबद्दल चकार शब्द लिहायचा नाही. सेक्रेटरी सामंतांची ताकीद. बी विंगचे फ्लॅट विकायचेत, ग्रुपवर दलाल आहेत.

आज काकी सहज बोलून गेल्या. रोज सकाळी 'शुभ सकाळ'ची चित्रं येतात ना, त्यात गुलाब, कमळ, गणपती, कशालाच अर्थ नाही. मोगरा आला की समजायचं, वारा आपल्याकडे फिरला. खिडक्या बंद. काकांसारख्या दमेकऱ्यांनी खाली उतरायचं नाही. आणि ज्याला जमेल त्याने वॉर्ड ऑफिसला तक्रार लावायची. सामंत स्वतः त्या मोगऱ्याखाली हात जोडून 'सुप्रभात' लिहितात!! काकी हसून हसून लाल. "गो, तेका कायेक कळणा नाय!"

मीही हसले. वर्षभर ती चित्रं 'निरर्थक मजकूर' म्हणून बाजूला काढत होते. धन्य आमची डॉक्टरेट.

२९ नोव्हें., शुक्र.
गाइडबाईंना पुढच्या आठवड्यातल्या कॉन्फरन्सच्या पेपरचा ड्राफ्ट दाखवला. "हे कुठे होतं इतके दिवस? मोगरा हाच तुझा पेपर. बाकी सगळं तोंडी लावणं."
म्हटलं, पण हे त्यांनी लपवलेलं आहे ना.
"नावं काढ. सोसायटीचं नाव काढ. पूर्व उपनगरातली एक सोसायटी म्हण. झालं."
झालं. काकींची संमतीपत्रावर सही आहेच. सही करताना विचारलं होतं, "कॉलेजातच वाचतलंस ना? मगे वाच की."

३ डिसें., मंगळ.
मोगऱ्याची स्लाइड काढून टाकली. पेपर अगदीच मरगळला. परत घातली.

७ डिसें., शनि. अंधेरी.
कॉन्फरन्स. तेच ते: दीपप्रज्वलन, उद्घाटन लांबलं, आमच्या सत्राचा वेळ निम्म्यावर. माझ्या आधीचा बाप्या घंटा वाजली तरी हटेना. माझी पाळी आली तेव्हा माणसं जेवणाच्या वासाकडे बघत होती.

पण मोगरा पडद्यावर आला आणि हॉल जागा झाला. सामंतांचा 'सुप्रभात' दाखवला (नाव पुसून), हशा. टाळ्या. अध्यक्ष म्हणाले, असं काम आपल्याकडे होत नाही. बेस्ट पेपर!! शाल, रोप, सर्टिफिकेटवर माझं नाव चुकीचं. असो. झकास वाटलं, खोटं कशाला लिहू.

फक्त एक. दुसऱ्या रांगेतला एकजण प्रत्येक स्लाइडचा फोटो काढत होता. जेवताना ताट घेऊन शेजारी आला. कुठल्याशा बांधकाम कंपनीत कम्युनिकेशन बघतो म्हणे. "ही सोसायटी कांजूरची ना?"
मी म्हटलं, ते सांगता येत नाही.
हसला. "सांगितलंत की, मॅडम."
गुलाबजाम तसाच ठेवला.

८ डिसें., रवि.
आयोजकांनी सगळी सत्रं यूट्यूबवर टाकलीत. माझंही. कळवलं नाही, विचारलं नाही. थंबनेलवर मी, आणि माझ्या डोक्यामागे फुलं. गाइडबाईंनी विद्यापीठाच्या ग्रुपवर फिरवलं, खाली अभिनंदनांचा पाऊस. आई शेजारणींना दाखवत सुटली आहे.
व्हिडिओ काढून टाका म्हणून मेल केला. उत्तर नाही.

११ डिसें., बुध.
काकींचा फोन, लेक्चर चालू असताना. बाहेर येऊन घेतला. सकाळी कुणीतरी मोगरा टाकला होता. त्याखाली सामंतांनी या वेळी हात जोडले नाहीत. माझ्या भाषणाची लिंक टाकली. बाकी एक अक्षर नाही.
आणि मग?
"मगे काय. सगळे गप."
वर्षभर मौनावर लिहितेय. असं मौन माझ्या डेटात कुठेच नव्हतं.

१६ डिसें., सोम.
कांजूरला गेले. लिफ्टजवळ दोघी उभ्या होत्या, मला बघून बोलणं थांबवलं. त्यातल्या एकीची मी मुलाखत घेतली होती, तिने पोहे केले होते माझ्यासाठी. आज ओळख दाखवली नाही.

सामंतांनी मोगरा टाकणाऱ्या एकेकाला ऑफिसात बोलावून घेतलं. आवाज न चढवता. चहा देऊन. एकाच्या पार्किंगचा प्रश्न अचानक निघाला, एकीच्या ग्रिलचा. कॉलेजच्या बाईला आत कुणी आणलं, हे मात्र कुणी सांगितलं नाही. सांगायची गरजच नव्हती. माझं नाव वॉचमनच्या वहीत आहे, पुढे फ्लॅट नंबर.

घरात वास भरलेला. काल ग्रुपवर काहीच आलं नाही, खिडक्या उघड्या राहिल्या. काका पलंगावर टेकून बसले होते, बोलताना मध्ये मध्ये थांबत होते. तरी मला म्हणाले, "बस गो, च्या घे."
काकी चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, "मिया तुका गमतीन सांगलंय."
मी माफी मागितली. नावं काढली होती वगैरे म्हणाले. ऐकताना माझं मलाच ते पडद्यावरून वाचल्यासारखं वाटलं.

२१ डिसें., शनि.
आयोजकांनी व्हिडिओ काढून टाकला एकदाचा. उपयोग शून्य, तुकडे आधीच फिरतायत.
गाइडबाई: "तू नियम पाळलेस. भावनिक होऊ नकोस." आणि त्याच दमात, फेब्रुवारीत दिल्लीला मोठी परिषद आहे, हाच पेपर पाठव, 'प्रकटनानंतरचे परिणाम' असा भाग जोड.
म्हणजे काकांचा दमा हा आता परिणाम.
नाही म्हणायला हवं होतं. "बघते" म्हणाले.

३ जाने., शुक्र.
काकींचं अकरा महिन्यांचं ॲग्रीमेंट या महिन्यात संपतंय. मालकाची हरकत नाही, पण सोसायटीची एनओसी लागते. दर वेळी मिळायची. या वेळी सामंत म्हणाले, कमिटीत ठेवतो.
काकी फोनवर: "आता आमी खंय जावचा गो?" विचारत नव्हत्या, नुसतं म्हणत होत्या. लालबागला घर नाही, गावच्या घराला छप्पर नाही, काकांचा डॉक्टर इथला.
मुलुंडला आमच्याकडे या म्हणाले. "येडा काय तू," म्हणाल्या आणि ठेवला.

५ जाने., रवि.
सामंतांचा फोन. नंबर कुठून मिळाला विचारलं नाही. आवाज इतका मऊ की मी उभी राहून ऐकलं.
"मॅडम, तुमचं भाषण तीनदा बघितलं. आम्ही रोज बघतो ते आम्हाला दिसलं नाही, तुम्हाला दिसलं. मानलं."
मी खोलीचं दार लोटून घेतलं.
"आता मोगरा बंद झाला. पण तक्रारी बंद नाहीत. एकाच सकाळी दहा-दहा जातात. म्हणजे त्यांनी दुसरं काहीतरी काढलंय ना? तुमचाच विषय. पंधरा दिवसांचं चॅट पाठवतो. नुसती नजर टाका."
म्हटलं, हे माझं काम नाही.
"परबांची एनओसी माझ्यासमोरच आहे. म्हातारी माणसं, कुठे जातील? मलाही वाईट वाटतं. उद्या सकाळी फोन करतो, तेव्हा सही करूनच टाकू."

गाइडबाईंना फोन लावला, त्या प्रवासात. काकींना लावायला घेतलं, काय सांगणार? ऐकलं तर म्हणतील, नको सांगू. आणि मग तेच घर सोडतील. त्यांना ओळखते मी.

फाइल आली. उघडायची नव्हती. उघडली.

वाढदिवस, पाण्याची वेळ, हरवलेली चावी, देवदर्शनाचे फोटो. वरवर काहीच नाही. दुसऱ्यांदा वाचत खाली आले आणि त्यांची नवी खूण दिसली. कुणाला विचारावं लागलं नाही. पहिल्यापेक्षा साधं आणि जास्त हुशार. काकींचीच करामत असणार.
कळल्या क्षणी मला आनंद झाला. तो लिहून ठेवतेय, कारण तो झाला.

काय आहे ते इथेही लिहीत नाही. फाइल पुसली. पण मला आता माहीत आहे, आणि सकाळी फोन येणार आहे.